अक्का, त्या वळणावर तू ब्रेक का मारलास?

अक्का, तुझ्या तेराव्याला सप्तापूरच्या घरासमोर चपलांना जागा उरली नव्हती. मी तुझा सख्खा भाऊ, पण मला माझ्या चपला शेजारच्या प्रोफेसरांच्या फाटकापाशी काढून तापलेल्या फरशीवरून नाचत यावं लागलं. आत बघतो तर बायकाच बायका. केशवापुरातल्या, नवनगरातल्या, विद्यापीठाच्या क्वार्टर्समधल्या, एक तर अळणावरहून सकाळची बस पकडून आलेली. सगळ्या तुझ्या हाताखाली गाडी शिकलेल्या. "अक्कावरु भाळ छलो कलिसिद्रु," असं त्यातली एक मला कानडीत सांगत होती, अक्कांनी फार छान शिकवलं म्हणून, आणि पदरानं डोळे पुसत होती. मी मान हलवली. मनात मात्र म्हणत होतो, उद्या मी गेलो तर कोर्टातले चार वकील येतील आणि त्यातले दोघं घड्याळ बघत बसतील.

हेवा वाटला गं. समोर तुझा फोटो, त्याला हार, खाली उदबत्ती, आणि मी तुझ्यावर जळत बसलो होतो. तू असतीस तर लांबूनच ओळखलं असतंस. "जळायलास ना रे सुध्या? जळ की, कोण नको म्हणतंय," असं म्हणून खिदळली असतीस. रडू आलं ते त्या वेळी आलं. लोकांना वाटलं, भावाचं काळीज.

फोनवर निम्म्या लोकांनी हेच विचारलं, "गाडीतच का हो?" त्यांना सांगायला लागायचं की नाही, ताप आला, अंगावर काढला, मग किडन्यांवर गेलं. तू उभ्या आयुष्यात गाडी कुठं घासलीसुद्धा नाहीस. मी घासली आहे. देसायांच्या कंपाउंडला, एका म्हशीला, आणि एकदा उभ्या ट्रॅक्टरला. तेही सगळ्या हुबळीला माहीत आहे.

आणि तो पेपरातला फोटो. इथल्या कानडी पेपरानं तुझी बातमी छापली, राष्ट्रीय विजेती वगैरे, आणि तोच जुना फोटो टाकला. तू शर्यतीचा अंगरखा घालून उभी आहेस, हेल्मेट काखेत, केस घामानं कपाळाला चिकटलेले, हातात चषक. तुझ्या डाव्या खांद्यामागे एक कोपर दिसतं. ते कोपर माझं आहे. पेपरवाल्यांनी बाकीचा मी कापून टाकला. त्या दिवशीची शर्यत मी जिंकलो होतो.

जिंकलो होतो ना? एवढंच विचारायचं राहिलं बघ. म्हणजे विचारलं पुष्कळदा. उत्तर मिळायचं राहिलं.

आता हे वाचणाऱ्यांना कळायला नको का, म्हणून सांगतो. आपल्या अप्पांचं केशवापुरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. दोन गाड्या, दोन्ही त्या काळी निम्म्या गावाकडे असलेल्या छोट्या, पांढऱ्या, आठशे सीसीच्या. शिकवायच्या गाडीत डावीकडे, मास्तरांच्या पायाशी, आणखी एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा चुकला की मास्तर तिकडून दाबतो. सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलांत हेच. अप्पांचं वेगळं एवढंच, की त्यांचा पाय कुणाला कळायचा नाही. इतर मास्तर कचकन ब्रेक मारतात, शिकणाऱ्याचं डोकं काचेवर आदळतं आणि वर शिव्या खायला लागतात. अप्पा इतक्या हलक्यानं दाबायचे की शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. वर लगेच मोठ्यानं म्हणायचे, "शाब्बास!" बिचारा खूश. आपलाच पाय चालला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट हुरूप घेऊन यायचा. "माणसाला भीती घातली तर गाडी शिकत नाही," अप्पा म्हणायचे. "त्याला वाटू दे की त्यालाच आलं. मग खरंच येतं."

शाळेत होतो तेव्हा मला अप्पांनी अमरगोळच्या बाजार समितीच्या आवारात शिकवलं. अमावास्येला बाजार बंद असायचा. कांद्या-मिरचीचे ढीग नाहीत, बैलगाड्या नाहीत, गोदामांच्या मधले सिमेंटचे रस्ते मोकळे. मी गोदामाच्या कोपऱ्यावर गाडी थांबवायचो आणि अप्पा म्हणायचे, "शाब्बास!" एका दिवसात किती शाब्बास मिळाल्या ते मी घरी येऊन जेवताना आईला सांगायचो. असाच एकदा मोठ्या फुशारकीनं सांगत होतो आणि तू भाकरी मोडता मोडता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "शाब्बास म्हटलं म्हणजे ब्रेक अप्पांनी मारलेला असतो. येडा."

मला ते आजही आठवतं. भाजी वांग्याची होती. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी नाकारलं नाही. ताक ओतून घेत म्हणाले, "येईल हळूहळू." मी ताटावरून उठलो. मग मला दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त लागली, की तुला अप्पा कधीच शाब्बास म्हणाले नव्हते. तू चालवत असलीस की अप्पा चपला काढायचे आणि डावीकडच्या सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. सुपारी कातरायचे. "आज कांद्याला काय भाव फुटला म्हणे?" असलं काहीतरी विचारायचे. त्या दुसऱ्या ब्रेककडे त्यांचा पाय जायचाच नाही. माझ्या शेजारी अप्पा कधी मांडी घालून बसले नाहीत. मला वकिलीची सनद मिळाली तेव्हा मी त्यांना न्यायालयात घेऊन गेलो, परतताना गाडी मी चालवत होतो, आणि मी तिरक्या नजरेनं बघितलं. दोन्ही पाय खाली. उजवा पाय पेडलवर.

त्या वांग्याच्या जेवणापासून आपल्या दोघांत शाब्बास ही शिवी झाली. मी कॅरममध्ये हरलो की तू म्हणायचीस, शाब्बास. तुझी पोळी करपली की मी म्हणायचो. आईला वाटायचं, पोरं किती गुणाची, एकमेकांचं कौतुक करतात.

शर्यतीचं वेड तू लग्नानंतर लावून घेतलंस, हे तुझं आणखी एक. लग्न झालेल्या बायका काय काय करतात, तू भावोजींबरोबर बेळगावला त्यांच्या मावशीकडे गेलीस आणि तिथल्या मैदानावर हौशी लोकांनी ठेवलेली गाड्यांची शर्यत बघून नाव देऊन मोकळी झालीस. संध्याकाळी चषक घेऊन घरी. भावोजी दाराशी उभे राहून मला म्हणाले, "सुधीर, मी फक्त चहा आणायला गेलो होतो हो." पुढच्या वेळी मीही नाव दिलं. तू पहिली, मी सातवा. त्याच्या पुढच्या वेळी तू पहिली, मी नाल्यात.

मग नॅशनल. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मद्रासला चेन्नई म्हणायची सवय अजून लागायची होती. तिथल्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या व्हायच्या, त्यात आपल्यासारख्या हौशा-नवशांसाठी छोट्या गाड्यांचा एक गट होता. कोइमतूर-बेंगळूरची पोरं स्वतःचे मेकॅनिक, तंबू, टायरांच्या थप्प्या घेऊन यायची. आपण शिकवणीच्या गाडीवरचा लाल 'एल' खरवडून, ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या रिकाम्या ट्रकमध्ये ती चढवून जायचो. सराव अमावास्येला अमरगोळात, वळणांच्या जागी रिकामी पोती ठेवून. "चांगल्या घरच्या पोरी अमावास्येला उंबरठा ओलांडत नाहीत, आणि ही गाडी पळवायली," असं आई देवासमोर बसून मोठ्यानं म्हणायची, देवाला नाही, आपल्याला ऐकू जावं म्हणून.

त्या मोसमात तू एकामागून एक फेऱ्या जिंकत गेलीस आणि शेवटच्या फेरीच्या आधी गुणांमध्ये सगळ्यात वर होतीस. पहिल्या तिघांत आलीस तरी राष्ट्रीय विजेती. अप्पांनी महिनाभर सुपारीसुद्धा धड कातरली नाही. दुसरी गाडी शिकवणीला हवी म्हणून ते मला नेणार नव्हते. तू म्हणालीस, "सुध्या आला तरच मी जाणार. दोन गाड्या जातील." अप्पा म्हणाले, "त्याचं काय काम तिथं?" तू म्हणालीस, "माझ्यामागं कोणीतरी जळणारा पाहिजे की. त्याशिवाय माझी गाडी पळत नाही." हे तू माझ्यादेखत म्हणालीस. मी रागावलोही आणि रात्रभर झोपही लागली नाही इतका आनंदही झाला. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहिले, ते आता मानतो. तू हट्ट धरला नसतास तर माझ्या आयुष्यात तो एक दिवस आलाच नसता.

तिथल्या तपासणीतला गोंधळ आठवतो? शर्यतीच्या गाडीतून डावी सीट काढून टाकावी लागते. ती मी काढली होती. पण खालचा दुसरा ब्रेक आणि क्लच तसेच. मला ते काढायचे सुचलंच नाही. लहानपणापासून ज्या ज्या गाडीत बसलो त्या प्रत्येक गाडीला पाच पेडल होते, गाडी म्हणजे तेच. तपासणारा तमिळ गृहस्थ वाकून बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग पुन्हा वाकतो. "हे कोण दाबणार? भूत?" सगळा तंबू हसला. तू सगळ्यात मोठ्यानं. मग पान्हा घेऊन तूच आत शिरलीस आणि पेडल सोडवून बाहेर माझ्या हातात दिलेस. "घे. आता तुझ्या शेजारी कुणी नाही." चेष्टाच केली होतीस, पण खोटं नव्हतं. मी खरंच पहिल्यांदा अशा गाडीत बसणार होतो जिला दुसऱ्या कुणाचा पाय नव्हता.

शर्यत मी तुला कशाला सांगू. तू पुढे, मी मागे, कोइमतूरचं एक पोरगं माझ्या मागे. बाकीचे कुठल्या कुठे. माझी गाडी त्या दिवशी कशानं पळत होती कोण जाणे. प्रत्येक फेरीला तू मला थोडी थोडी मोठी दिसायला लागलीस. आधी नुसती पांढरी पेटी, मग नंबर, मग आरशातले तुझे डोळे. शेवटची फेरी. सरळ रस्त्याच्या आधीचं शेवटचं उजवं वळण. तिथे तू नेहमी आतल्या बाजूला, टायरांच्या भिंतीच्या अगदी जवळ गेल्यावर ब्रेक मारायचीस, मी पाठ केलं होतं तुझं. आणि त्या वेळी तुझे मागचे लाल दिवे आधी पेटले. फार नाही, गाडीभर अंतर असेल. पण आधी. मी ब्रेक मारला नाही. बाहेरून शिरलो, मागचं चाक मातीत गेलं, गाडी हलली, सावरली, आणि सरळ रस्त्यावर आलो तेव्हा तू माझ्या आरशात होतीस. अक्का, तू माझ्या आरशात. मी ओरडत होतो. हेल्मेटमध्ये माझाच आवाज मला सहन होत नव्हता.

मी पहिला. तू दुसरी, आणि राष्ट्रीय विजेती. तिथल्या बक्षिसाच्या फळीवर मी वरच्या पायरीवर, तू बाजूला. मी खाली वाकलो तसा तू माझ्या पाठीवर हात ठेवलास, हसलीस आणि म्हणालीस, "शाब्बास."

संपलं. माझ्या हातातला कप मला शिळ्या भाकरीसारखा वाटायला लागला. मला ते लाल दिवे आठवले. तुला जिंकायची गरज नव्हती, नुसतं पोचायचं होतं. भाऊ एवढ्या लांब आलाय, मिळू दे त्याला एक कप, असं म्हणून तू हलकेच पाय टाकलास. अप्पांचा पाय. कळायचासुद्धा नाही असा. आणि शाब्बास म्हणून ते मला कळवूनही टाकलंस.

परतीच्या गाडीत तू वरच्या बर्थवर घोरत होतीस आणि मी खिडकीशी. अप्पा समोर. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी सुपारीचा डबा काढला, मला एक तुकडा दिला आणि विचारलं, "कोर्टाला सुट्टी कधीपासून तुझ्या?" बस. तेवढंच. राष्ट्रीय विजेती वर झोपली होती, मी कोण? मी सुपारी खिडकीबाहेर टाकली.

पुढे मी तुला किती वेळा विचारलं. दिवाळीला, तुझ्या गौरीच्या बारशाच्या फोटोंवरून विषय निघाला तेव्हा, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकड्यावर. "खरं सांग अक्का, तू मुद्दाम ब्रेक मारलास ना?" तुझं उत्तर ठरलेलं. "तुला काय वाटतं?" मी म्हणायचो, मारलास. तू म्हणायचीस, "मग मारला असेल." मी म्हणायचो, शपथ घे. तू म्हणायचीस, "गाडीच्या शर्यतीसाठी कोण शपथ घेतं रे? वकील हैस की कोण?" आणि विषय गौरीच्या शाळेवर. एकदा तर मी इतका चिडलो की तो कप नेऊन तुझ्या शोकेसमध्ये ठेवला. तुझ्या कपांच्या रांगेत. महिन्याभरानं आई म्हणाली, "तुझा कप अक्कानं आणून दिला, त्यात मी सेफ्टी पिना ठेवल्यात." कालपर्यंत तिथेच होत्या.

दोन हजार साल उलटल्यावर अप्पा थकले आणि त्यांनी स्कूल तुझ्या नावावर केलं. मुलाच्या नाही, लग्न होऊन धारवाडला गेलेल्या मुलीच्या. आपल्या नात्यागोत्यात असं कुणी केलं नव्हतं, काकांनी तर मला कोर्टात जा म्हणून सांगितलं. मी गेलो नाही, माझं मी वकिलीत बरं चालवत होतो. पण अप्पांना कारण विचारलं. ते म्हणाले, "त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, सुधीर. तुझा पाय उशिरा पोचतो." एवढं खरं बोलणारा बाप कुणाला मिळू नये. मग तू रोज सकाळी सप्तापूरहून केशवापूरला यायला लागलीस, आणि हुबळी-धारवाडातल्या बायका तुझ्या शेजारी बसून गाडी शिकायला लागल्या. त्यांतल्या प्रत्येकीला वाटतं की अक्कांना माझ्यासाठी कधी ब्रेक मारावा लागला नाही. तेराव्याला मला तिघी-चौघींनी हे अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, हो का, छान.

दवाखान्यात शेवटचं विचारलं. तू बरी होशील असंच वाटत होतं, नाहीतर विचारलं नसतं. मी मोसंबं सोलत होतो. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "अजून तेच का रे, सुध्या?" आणि मग, "गौरीची आरटीओची तारीख आलीय. तेवढं तू बघ. चार-पाच वेळा बस तिच्याबरोबर." मी म्हटलं, "माझा पाय उशिरा पोचतो." तू हसलीस. नर्स आली आणि मला बाहेर काढलं.

काल गौरीला घेऊन गेलो, अक्का. मला वाटलं होतं, पोर म्हणेल राहू दे मामा, एवढ्यात नको. पण तेरावं झालं तसं तीच किल्ली घेऊन केशवापूरला आली. डोळे सुजलेले. "आई म्हणायची तारीख चुकवायची नाही." काल नेमकी अमावास्या. आई देवासमोरून काही बोलली नाही. तीच जुनी शिकवणीची गाडी, डावीकडचे पेडल कधीचेच परत बसवलेले. मी डावीकडे बसलो, पाय ब्रेकवर ठेवला, आणि आपण अमरगोळात गेलो. आपण म्हटलं बघ. गौरी आणि मी.

ती तुझ्यासारखी चालवते. हे मला घरून निघाल्यापासून दिसत होतं आणि गिळवत नव्हतं. गिअर बदलताना तिचा खांदा हलत नाही. अठरा वर्षांची पोरगी, लायसन नाही, आणि माझ्या तीस वर्षांच्या चालवण्यावर पाणी ओतत चाललेली. मी म्हणत होतो, "निधान, निधान," हळू, हळू, आणि ती म्हणत होती, "हळूच आहे की मामा." बाजाराच्या आवारात शिरलो. मिरचीच्या गोदामाच्या कोपऱ्यावरून आम्ही वळलो आणि समोर एक कुत्री, तिच्यामागे पिल्लं, बरोबर रस्त्याच्या मधे.

मी दचकलो. पाय उचलला की काय केलं कोण जाणे, तो पेडलच्या बाजूच्या रिकाम्या जागेत गेला. पोचायच्या आत सगळं झालं होतं. गाडी थांबली होती. पाण्याची बाटलीसुद्धा कलंडली नाही. असं थांबवणं मी आयुष्यात दोनच माणसांचं बघितलंय. कुत्रीनं आमच्याकडे सावकाश बघितलं आणि पिल्लं घेऊन गेली.

आणि माझ्या तोंडातून निघालं, "शाब्बास."

गौरीचा चेहरा पडला. तिला ते माहीत होतं, तू तिला सांगितलेलं होतं, आपल्या घरात ते कुणाला माहीत नाही? स्टिअरिंगवरचे तिचे हात ढिले झाले. "ब्रेक तुम्ही मारलात का, मामा?" ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात. आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदा काहीतरी तिला स्वतःला जमलं होतं आणि ते मी काढून घेतलं होतं.

माझा पाय पेडलवर नव्हता. मग मी शाब्बास का म्हणालो? अक्का, मी जळलो म्हणून म्हणालो. तुझ्या पोरीनं ते इतकं सुरेख थांबवलं आणि मला ते बघवलं नाही. शाब्बास म्हटलं की तिचं तिच्या हातातून निसटतं, हे तोंडाला माहीत होतं, मला नव्हतं. आणि त्याच वेळी मला फळीवरची तू दिसलीस. माझ्या पाठीवर हात ठेवलेली, हसणारी. राष्ट्रीय विजेती, पण धाकट्या भावाच्या खालच्या पायरीवर.

तू माझ्यासाठी ब्रेक मारला नव्हतास. तू स्वतःसाठी मारलास. पहिल्यांदाच तुझ्याजवळ घालवण्यासारखं काहीतरी होतं, एवढ्या फेऱ्यांचे गुण, अप्पांची अर्धवट कातरलेली सुपारी, आणि त्या टायरांच्या भिंतीशी तू घाबरलीस. माझ्याजवळ घालवायला काही नव्हतं, मी शिरलो. मग तू बघितलंस की सुध्या, आपल्या मागे जळत राहायला आणलेला सुध्या, वरच्या पायरीवर उभा आहे. तू जळलीस, आणि म्हणून शाब्बास म्हणालीस. मला ठाऊक आहे, कारण काल मीही अगदी तसाच जळलो. आणि ते अप्पांनाही दिसलं होतं. त्यांनी मला शाब्बास म्हटलं नाही. सुपारी दिली आणि तुला कांद्याचा भाव विचारायचे तसं कोर्टाच्या सुट्टीचं विचारलं. ते मलाच कळलं नाही, मी त्यांची सुपारी खिडकीबाहेर टाकली.

मी गौरीला म्हटलं, "नाही गं. माझा पाय पोचलाच नव्हता. तूच थांबवलीस."

तिला पटलं नाही. तुझी पोर, तिला कसं पटेल? या घरात मास्तर तोंडानं काहीही बोलतात हे ती जन्मापासून बघत आलीय. ती नुसती खाली माझ्या पायांकडे बघत राहिली.

मग मी चपला काढल्या. आता वय झालंय, पोट आलंय, त्या छोट्या गाडीत गुडघे डॅशबोर्डला लागतात, पण मी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि सीटवर मांडी घालून बसलो. "चल," म्हटलं. "आज कांद्याला काय भाव फुटला म्हणे?"

गौरीनं माझ्या पायांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग गिअर टाकला. अमरगोळपासून केशवापूरपर्यंत, उणकलच्या तळ्यावरून, पी. बी. रोडच्या बसगाड्यांमधून ती मला घेऊन आली. माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या आणि मी ते खाली सोडले नाहीत. घरी आल्यावर मी तो कप काढला, आईच्या सेफ्टी पिना वाटीत ओतल्या आणि कप चिंचेनं घासला. आई म्हणाली, "हे काय आत्ता मधेच?"

तू हरली होतीस, अक्का. खरीखुरी हरली होतीस, आणि मला ते कधी कळू दिलं नाहीस. आता कळलंय, तर सप्तापूरला येऊन तुझ्या तोंडावर सांगायचंय. तुला चिडलेली बघायचंय. तू "तुला काय वाटतं?" म्हणशील, आणि मी या वेळी म्हणेन, मला माहीत आहे. ये ना गं. एकदा येऊन जळ की माझ्यावर.